खानदेशचा छप्पन्नावा पुरुष

९ जानेवारी १९५५, रविवार. धुळे.
रोजनिशी आजपासून. एक तारखेलाच सुरू करणार होतो, पण अभ्यासू माणसानं वही विचारपूर्वक निवडावी. आठ दिवस लागले. रेघांची घेतली.
संकल्प: रोज पाचला उठणे. दोन तास वाचन. बोलणं कमी. मार्चअखेर एक शोधनिबंध छापून आणणे.
निबंधाचं असं झालं. काल प्रिन्सिपॉलसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, चौधरी, पुढच्या वर्षी वर्ग कमी होताहेत. तुमची टेम्पररी ट्यूटरशिप एकोणीस जूनला संपते, ती वाढवणं माझ्या हातात नाही. जळगावच्या कॉलेजात अर्थशास्त्राची कायम जागा निघणार आहे, अर्ज करा. नावावर काही छापलेलं असेल तर बरं.
म्हणजे जागा मलाच द्यायची असं वरच्या वर्तुळात ठरलेलं दिसतं. फक्त निबंध हवा.
गावी, सावद्याला परत जायचं नाही. तिथं सगळे मला 'परफेसर' म्हणतात. ट्यूटर म्हणजे काय ते मी कुणाला समजावलेलं नाही.

१२ जानेवारी, दुपार.
विषय सापडला! स्टाफरूममध्ये चहा पिताना साहेब म्हणाले, या धंद्यात पुरुष टिकत नाहीत हो, सगळे मुंबईला सचिवालयात पळतात. सिलोनमध्येसुद्धा आपल्यापेक्षा जास्त असतील. सगळे हसले. मी हसलो नाही. मी मनात शीर्षक लिहीत होतो.
'भारत व सिलोन येथील विद्यापीठीय पुरुष शिक्षकांची संख्या: एक तौलनिक अभ्यास.'
सिलोन अशासाठी की तिथं विद्यापीठ एकच आहे. एकाच बैठकीत मोजून होईल.
घरी येऊन प्रमिलेला सांगितलं. तिनं विचारलं, पुरुषच का? बायका का नाही मोजायच्या? मी म्हटलं, विषयच पुरुषांचा आहे, बायकांवर पुढच्या वर्षी लिहीन. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. तिलाही पटलं असावं.

१४ जानेवारी. संक्रांत.
तिळगूळ. वाचन नाही.

२३ जानेवारी.
लायब्ररीत परदेशी विद्यापीठांचं एक जाड पुस्तक आहे. त्यात सिलोनच्या शिक्षकांची यादी सापडली. आनंद झाला. मग घाम फुटला. नावं सगळी आद्याक्षरांत! डी. एस. अमुक, के. पी. तमुक. बाई की बुवा, कळायचं कसं?
विचार करून पद्धत ठरवली. ज्यांच्यापुढे 'मिस' किंवा 'मिसेस' आहे त्या बायका. बाकी सर्व पुरुष. सोपी आणि शास्त्रीय.
नावावरून माणूस ओळखण्यात मी आजवर एकदाच चुकलोय. आमच्या घराच्या भाडेपट्ट्यावर मालक म्हणून धनकुंवर असं नाव आहे. पहिलं वर्षभर मी घरमालक लखीचंदशेठना विचारायचो, तुमचे थोरले बंधू धनकुंवरजी कसे आहेत? शेठ खाली मान घालून कापड मोजत म्हणायचे, मजेत आहेत. दिवाळीला कळलं, धनकुंवर त्यांची बायको. पण ही मारवाड्यांची नावं, त्यात माझी काय चूक?

२ फेब्रुवारी.
सिलोन पूर्ण. पुरुष एकशे एकाहत्तर. लोकसंख्या एक्याऐंशी लाख. म्हणजे लाखामागे २.११. फार वाटत नाहीत. आपण सहज मागे टाकू.

९ फेब्रुवारी.
भारताचा प्रश्न मोठा निघाला. विद्यापीठंच इतकी आहेत की नुसत्या याद्या मागवायच्या तर एकोणीस जून १९६५ उजाडेल.
तोडगा: नमुना पद्धत. खानदेश हा सरासरी मुलूख आहे. फार शहाणा नाही, फार वेडा नाही. पूर्व आणि पश्चिम मिळून लोकसंख्या सव्वीस लाख. देश छत्तीस कोटी. भागाकार एकशे अडतीस. म्हणजे धुळे आणि जळगाव इथले पुरुष मोजायचे आणि एकशे अडतीसनं गुणायचे. झाला भारत.
प्रमिला म्हणाली, एक जरी चुकला तरी एकशे अडतीस चुकतील. मी म्हटलं, चुकेल कशाला? तिचं एम.ए. अर्थशास्त्रातच आहे, बाहेरून बसून सेकंड क्लास मिळवला. त्या वर्षी पेपर सोपे होते. माझ्या वर्षी अवघड होते, म्हणून थर्ड.

१६ फेब्रुवारी.
धुळ्याचे पुरुष सतरा (मी धरून). जळगावला पत्र टाकलं, तिथल्या हेडक्लार्कनं टाईप केलेली यादी पाठवली. चोवीस. एकूण एक्केचाळीस.
एक्केचाळीस गुणिले एकशे अडतीस: पाच हजार सहाशे अठ्ठावन्न. लाखामागे १.५७.
सिलोन पुढे.
पुन्हा गुणलं. पुन्हा तेच. रात्रीचं जेवण गेलं नाही. प्रमिलेनं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. अर्ध्यावर उठलो. एका बेटानं मला हरवलं.

२ मार्च.
उलटा हिशेब केला. सिलोनच्या पुढे जायला खानदेशात ५५.०७ पुरुष हवेत. पंचावन्न एक वेळ जमवीन. ती वरची सात शतांश माणसं कुठून आणू? म्हणजे छप्पन्न.
पंधरा कमी पडतात. पंधरा फक्त!
रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो. सिलोनमुळे असेल.

७ मार्च.
'शिक्षक' या शब्दाचा अर्थ मी फार संकुचित घेत होतो. प्रयोगशाळेतले डेमॉन्स्ट्रेटर शिकवत नाहीत तर काय करतात? दोन्ही कॉलेजं मिळून आठ. व्यायामशिक्षक दोन. शरीर हेही ज्ञानाचं साधन आहे. झाले एक्कावन्न.

११ मार्च.
परीक्षेला सुपरव्हिजन करणारे कारकून तीन. चोपन्न. यापुढे मन धजत नाही.

१४ मार्च.
धजलं. आमचा कॉलेजचा शिपाई वना. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मुलं अडली की वनाच सांगतो कोणत्या बाटलीत काय आहे. घेतला. पंचावन्न.
त्याला मुद्दाम बोलावून सांगितलं, वना, आजपासून तू विद्यापीठीय शिक्षक. तो म्हणाला, मंग खुर्ची कव्हय भेटी? मी म्हटलं, हे फक्त कागदावर. तो म्हणाला, एवढा मानसे मोजीसन काय करशात सायेब? अज्ञानी माणसाचा राग धरत नाही मी.
एक हवा. फक्त एक.

२७ मार्च.
पाडव्यासाठी सावद्याला जाऊन आलो. वडील, म्हणजे आबा, ओट्यावर बसले होते. पायावर डोकं ठेवून उठतोय तोच विचारलं, कायम केलं का तुले? मी म्हटलं, होतच आलंय आबा, एक निबंध लिहितोय, सिलोनच्या माणसांवर. आबांनी धोतराचा सोगा झटकला. मग म्हणाले, लंकेतल्या मानसाईचं तुले काय करायचं हाये? आपल्या केयीले पानी कोन देईन?
लोटन माझा धाकटा भाऊ. तो नुसता हसला. केळीची बाग तोच बघतो. त्याचे हात बघितले आणि माझे खिशात घातले.
येताना गावचे पोस्टमास्तर भेटले. म्हणाले, परफेसर, औंदा जळगावला जाताय म्हणे? मी हो म्हटलं. आता जायलाच हवं.

२ एप्रिल.
जळगावच्या जागेची जाहिरात आली. अर्थशास्त्र, कायम. अर्जाची मुदत पंधरा एप्रिल. संध्याकाळी प्रमिलेनं माझा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून समोर ठेवला. मी वाचला. 'प्रसिद्ध झालेले लेखन' हा रकाना रिकामा आहे. म्हटलं, निबंध छापून आला की भरू आणि मग सही करू. ती म्हणाली, मुदतीत नाही आला तर? मी म्हटलं, येईल.

९ एप्रिल.
प्रमिलेनं अर्ज पुन्हा समोर ठेवला. बाजूला सारला. वनाची तळटीप लिहीत होतो, विषय नाजूक आहे.

१३ एप्रिल.
पुन्हा अर्ज. मी जरा ओरडलोच. रिकाम्या रकान्याचा अर्ज पाठवून मला काय हसं करून घ्यायचंय? ती अर्ज टेबलावर ठेवून आत गेली. भांडी जरा जोरात वाजली.

१५ एप्रिल, सकाळ.
भागाकारात असताना प्रमिला दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, आज शेवटचा दिवस आहे. अर्ज करू का? मी म्हटलं, कर. ती म्हणाली, करू ना नक्की? तुमची काही हरकत नाही ना? मी म्हटलं, अगं कर म्हटलं ना, किती विचारशील!
संध्याकाळी म्हणाली, टाकला हो अर्ज.
सुटलो. बायको अशी हवी. सहीचं काय केलं कोण जाणे, माझ्यासारखी काढली असेल. विचारलं नाही. काही गोष्टी नवराबायकोंनी एकमेकांना विचारू नयेत.

२१ एप्रिल.
प्रमिला आखाजीला माहेरी गेली, जळगावला. खानदेशात आखाजीला लेकीबाळी माहेरी जायच्याच. चाळीसगावला गाडी बदलायची असते म्हणून तिथपर्यंत पोचवायला गेलो. तिच्या पिशवीत अर्थशास्त्राची जाड पुस्तकं दिसली. विचारलं, ही कशाला? म्हणाली, वाचीन. मी म्हटलं, आखाजीला झोके घ्यायचे असतात, पुस्तकं नव्हेत. गाडी हलेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. वाफेच्या आवाजात राहून गेलं.

२५ एप्रिल. आखाजी.
घरात एकटा. लखीचंदशेठच्या घरून पुरणपोळी आली. धनकुंवरबाईंनी स्वतः आणून दिली. मी उठून नमस्कार केला. त्या वर्षभराच्या चुकीबद्दल अजून माफी मागायची राहिली आहे, आजही राहिली.

२९ एप्रिल.
प्रमिलेचं पत्र आलं. पाकीट जाड आहे. कुरडया-पापडांचं लिहिलेलं असणार, तिच्या आईला तेवढाच एक विषय आहे. आत्ता उघडलं तर विचारांची साखळी तुटेल. निबंध संपला की सावकाश वाचीन. वहीत ठेवलं.

८ मे.
मुलाखतीचं बोलावणं अजून नाही. पोस्टमन आता मला बघून लांबूनच मान हलवतो.
अर्थ लावला. ज्याला घ्यायचं ठरलेलं आहे त्याची मुलाखत कशाला घेतील? मुलाखती इतरांच्या, समजूत घालण्यासाठी.
तरी रोज दोनदा फाटकापर्यंत जाऊन येतो. उन्हाळाही यंदा जास्त आहे.

१४ मे, दुपार.
काही नाही. एकशे अकरा डिग्री. पंचावन्नचा आकडा भिंतीवर दिसतो.

२१ मे.
प्रमिलेचं दुसरं पत्र. हे पातळ आहे. पहिलं वाचल्याशिवाय दुसरं वाचणं पद्धतशीर नव्हे. दोन्ही वहीत.
घर मोठं वाटतं. चहा दोन कपांचा होतो आणि एक उरतो.

२ जून.
शेवटचा उपाय. नव्या वर्षासाठी जळगाव कॉलेजात कुणाला घेतलं असेल तर एक पुरुष वाढू शकतो. सुधारित यादी मागवली.

६ जून. सकाळी दहा.
यादी आली. हेडक्लार्कनं टाईप करून पाठवलीय. एकच नवीन नाव.
'मि. पी. टी. चौधरी, एम.ए., अर्थशास्त्र.'
मी आधी गुणाकार केला. छप्पन्न गुणिले एकशे अडतीस, सात हजार सातशे अठ्ठावीस. लाखामागे २.१५. सिलोन २.११. हिंदुस्थान जिंकला! उठून उभा राहिलो. लखीचंदशेठनी खालून विचारलं, मास्तर, काय पडलं?

६ जून. अकरा.
मग खाली बसलो. अर्थशास्त्र. ती जागा माझी होती.

६ जून. दुपार.
शांतपणे विचार केला. दोन शक्यता. एक, ही टायपिंगची चूक आहे. टी. जे. चौधरीचं पी. टी. झालं, म्हणजे तो मीच. मला नोकरी लागली. पण मग मी धुळ्याच्या सतरांत मोजलेलाच आहे, पुरुष वाढला नाही, आणि सिलोन जिंकलं. दोन, हा कोणी वेगळाच चौधरी आहे. मग हिंदुस्थान जिंकला, पण मी...
तिसरी शक्यता: जागा दोन आहेत. एक त्याची, दुसरी माझी, माझी मागून कळेल. हेच बरोबर. तीन वाजता जेवलो.

८ जून.
कोण असेल हा पी. टी.? चौधरी आमच्याकडे गल्लोगल्ली. फैजपूरचा असेल, नाहीतर यावलचा. बापाचं नाव टी. वरून. तुकाराम? तुळशीराम? वशिल्याचा असणार. कायम जागा मिळाली की असली माणसं पुस्तकाला हात लावत नाहीत. मी याला नक्की भेटणार आणि नजरेला नजर भिडवून विचारणार, तुमचं छापलेलं काय आहे?
निबंधात मात्र तो हवाच. माझा शत्रू आणि माझा छप्पन्नावा. विचित्र प्रसंग आहे.

९ जून.
शास्त्राच्या नियमाप्रमाणे नव्या माणसाची खातरजमा करायला हवी. प्रश्नावली तयार करून 'मि. पी. टी. चौधरी' यांना कॉलेजच्या पत्त्यावर धाडली. प्रश्न चार.
एक, आपले संपूर्ण नाव. दोन, शिक्षण. तीन, आपण पुरुष आहात काय? (होय किंवा नाही लिहावे.) चार, आपल्या घरात आणखी कोणी विद्यापीठीय शिक्षक आहे काय?
खाली सही केली: प्रा. टी. जे. चौधरी. 'प्रा.' जरा ठळक काढला.

१३ जून.
आबांचं कार्ड. पोस्टमास्तरांकडून लिहून घेतलंय. 'लोटनला एकट्याला बाग आवरत नाही. तू कायम झाला असशील तर राहा. नसशील तर ये. लाज धरू नको.'
शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. इतकी साधी ओळ आबांनी लिहायला नको होती.

१५ जून. सकाळी साडेआठ.
जळगावहून प्रश्नावली परत आली. उत्तरं शाईनं लिहिलेली, सुवाच्य.
अक्षर बघूनच मी खुर्ची ओढली. याच अक्षरात माझा अर्ज टेबलावर पडलाय. दोन महिने. सही नसलेला. तो मी तिथून कधी हलवलाच नव्हता, आणि त्यावर सिलोनची यादी ठेवली होती.
एक: सौ. प्रमिला तोताराम चौधरी.
दोन: एम.ए., अर्थशास्त्र, दुसरा वर्ग.
तीन: नाही.
चार: एकोणीस जूनपर्यंत आहे.
खाली बारीक अक्षरात: माझी दोन पत्रं मिळाली का? वाचलीत का?

१५ जून. बारा.
पत्रं उघडली. कुरडया-पापडांचा एक शब्द नाही.
पहिलं अठ्ठावीस एप्रिलचं. लिहिते, मुलाखतीचं बोलावणं आलं. चौदा मे. तुमचा अर्ज मी तीनदा पुढं केला, तुम्ही सही केली नाही. जागा आपल्या घरातून जाऊ नये असं वाटलं, म्हणून तुम्हाला विचारून माझा टाकला. तुम्ही कर म्हणालात, पण तुम्ही ऐकलंत की नाही ते मला कळलं नाही. एकटीनं मुलाखतीला जायची फार भीती वाटते. तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही, मनापासून सांगते. जा म्हणालात तर तुम्ही बरोबर या, बाहेर बाकावर बसा नुसते. चौदाच्या आत कळवा.
दुसरं वीस मेचं. चार ओळी. तुमचं उत्तर आलं नाही. त्याचा अर्थ मी 'जा' असा घेतला. नेमणूक झाली. बाकावर आईला बसवलं होतं.

१५ जून. संध्याकाळ.
रागावायचा प्रयत्न केला. कुणावर ते ठरेना. हेडक्लार्कवर थोडा वेळ रागावलो. 'मि.' का लिहिलं त्यानं? मग आठवलं, माझीही पद्धत तीच.
पी. म्हणजे प्रमिला. टी. म्हणजे मी. आठ दिवस त्या टी.ला शिव्या घातल्या, वशिल्याचा म्हटलं.
चौदा मेला मी काय करत होतो ते वहीत बघितलं. 'काही नाही. एकशे अकरा डिग्री.'
रडू आलं. लिहून ठेवतो, कारण ही वही कुणी वाचणार नाही.

१६ जून.
छप्पन्नातून एक वजा. पंचावन्न. हिंदुस्थानचे एकशे अडतीस पुरुष एका पाकिटात गेले. सिलोन पुढे.
वनाला सांगितलं, निबंध बुडाला. तो म्हणाला, मना नाव तरी ऱ्हाऊ द्या सायेब, मी घरमा सांगेल शे. त्याचं ठेवलं.

१९ जून, रविवार.
माझी मुदत आज संपली. चोपन्न.
प्रिन्सिपॉलसाहेबांच्या बंगल्यावर निरोप घ्यायला गेलो. ते म्हणाले, अभिनंदन, जागा तुमच्याच घरात गेली. मग म्हणाले, तुम्ही का नाही हो अर्ज केलात? मी म्हटलं, निबंध चालू होता. त्यांनी विचारलं, कशावर? सांगितलं. ते आठवू लागले. म्हणाले, सिलोन? मी कधी म्हटलं असं?

२० जून, सोमवार. जळगाव.
सकाळची गाडी. दोन ट्रंका, एक वळकटी. प्रमिला स्टेशनवर आली होती. मी काय बोलायचं ते चाळीसगावपासून पाठ करत होतो. तिनं वळकटी माझ्या हातातून घेतली, म्हणाली, वाळलात किती. पाठ केलेलं विसरलो. टांग्यात म्हटलं, मी पत्रं वाचली. ती म्हणाली, हो? मी म्हटलं, उशिरा. ती म्हणाली, हं. दोन खोल्या घेतल्यात तिनं. पुढची बसायची, मागे स्वयंपाक.
संकल्प: जळगावात दुसरं काहीतरी काम बघणे. आबांना खरं कळवणे. दोन्ही उद्यापासून.

२१ जून. सकाळ.
आबांना कार्ड लिहायला बसलो. 'मी जळगावच्या कॉलेजात' इतकं लिहिलं आणि थांबलो. पुढे 'आहे' लिहिता येत नाही, 'नाही' लिहवत नाही.

२१ जून. संध्याकाळ सहा.
प्रमिला मागच्या खोलीत उद्याच्या पहिल्या लेक्चरची टिपणं काढत होती. मी पुढे बसलो होतो. दोन विद्यार्थी आले. नवे होते, टोप्या हातात. विचारलं, चौधरी सर इथंच राहतात का? अर्थशास्त्राचे?
मी म्हटलं, या, बसा.
खोटं बोललो नाही. चौधरी मी आहे. अर्थशास्त्रही माझंच आहे. ते सतरंजीवर बसले, वह्या काढल्या. कुठली पुस्तकं वाचावीत विचारलं. मी सांगितली. एकानं नमुना पद्धत म्हणजे काय ते विचारलं. मी खानदेशचं उदाहरण घेऊन समजावलं, एकशे अडतीसचा गुणक कसा काढायचा तेही. त्यांनी उतरून घेतलं. खरंच उतरून घेतलं. पाऊण तास गेला. तीन वर्षांत माझ्यासमोर कुणी असं बसलं नव्हतं. फार बरं वाटलं. मागच्या खोलीत आवाज नव्हता. पान उलटल्याचासुद्धा नाही. तिला सगळं ऐकू जात असणार. ती बाहेर आली नाही.
मग थोरला उठला, पायाला हात लावायला वाकला आणि म्हणाला, सर, नोटीस बोर्डवर मि. पी. टी. चौधरी वाचलं, तेव्हाच ठरवलं आधी भेटून यायचं. उद्याचा पहिला तास अकराला तुमचाच ना?
तो वाकलेला होता. मला हो म्हणता आलं असतं.
मी पाय मागे घेतले. म्हटलं, नाही. मी टी. आहे. पी. आत आहेत. त्या बाई आहेत. मी त्यांचा नवरा.
दोघे एकमेकांकडे बघू लागले. मी पडदा सारला. प्रमिला दाराजवळच उभी होती, पेन हातात. तिला म्हटलं, तुमच्याकडे आलेत. आजवर तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं, तोंडातून गेलं.
ती पदर सारखा करून बाहेर गेली. दोघे उठून उभे राहिले. मी आत जाऊन स्टोव्ह पेटवला आणि चौघांचा चहा टाकला.